तांबड्या रेघा

९ मे १९७७

सव्वीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "ल्वान, तुम्ही स्वतः का नाही लिहीत?"

म्हणाले ते फान साहेब, आमच्या साहित्य-पुरवणीचे संपादक. मी मुद्रितं घेऊन त्यांच्या खोलीत गेलो होतो. एरवी मान वर न करता "ठेवा तिथं" म्हणतात. आज खुर्ची दाखवली, चहा मागवला. 'मातीतलं साहित्य'वाला वाद तापायला लागलाय, मासिकांतून रोज कुणी ना कुणी कुणावर तरी तुटून पडतंय आणि आपलीच पुरवणी तेवढी गप्प आहे. वरच्यांना ते बरं दिसत नाही म्हणे. "दक्षिणेकडच्या पोरांच्या कथा दहा वर्षं तुमच्या हाताखालून जातायत. मासेमार, मिठागरवाले, कारखान्यातल्या मुली. तुमच्याइतकं ते वाचलंय कुणी? भाषेवर लिहा. तुमचं नाव छापू. ल्वान द-होउ, ठसठशीत टायपात."

मी "बघतो" म्हणालो.

हात बसावा म्हणून आजपासून ही वही.

११ मे

अंगणात टेबल टाकून लिहीत होतो, तर छिऊ बाई डोकावल्या. "काय लिहिताय? मृत्युपत्र?"

"लेख लिहायचाय, त्याची तयारी."

"मग आधी खाऊन घ्या. रिकाम्या पोटी माणूस दुसऱ्याला शिव्याच लिहितो." बांबूच्या कोंबांचं सूप ठेवून गेल्या.

पुढच्या खोलीत त्या शाळेचे गणवेश शिवतात, मागच्या खोलीत मी भाडेकरू. एकोणीस वर्षं झाली. मी समुद्रापलीकडच्या शांतुंगचा, मैद्याच्या वाफवलेल्या गोळ्याबरोबर कच्ची कांद्याची पात खातो, त्यावर त्यांची थट्टा चालते: "शांतुंगची म्हैस आली, वारा फिरवा." बाई मनाने चांगल्या. वाढल्या इथल्या बोलीत, राष्ट्रभाषा मात्र अजून कच्ची. मागे एकदा नवऱ्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "पन्नास साली घेऊन गेले." मी सांगितलं, "निघून गेले, असं म्हणायचं." त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. निघून गेले." नवऱ्याने टाकलेल्या बाईला असला विषय नको असतो. मी पुढे काही विचारलं नाही.

१५ मे, रविवार

लेखाचं दुसरं वाक्य जमत नाही.

कुणाच्या कथांवर लिहायचं हा प्रश्नच नव्हता. हुंग चिंग-तुआन. दक्षिणेला मिठागरांच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर आहे, वय चौतीस, घरी बायको पी-युन आणि एक मुलगी. आठ वर्षं आमच्याकडे कथा पाठवतोय. पातळ कागदावर, दोन्ही बाजूंनी लिहितो. खिळे जुळवणारे त्याच्या नावाने बोटं मोडतात. आम्ही कधी भेटलो नाही. पण पहिली कथा छापून आली तेव्हा त्याने माझ्या नावाने पत्र पाठवलं. संपादकाला नाही, मला. 'माझ्या बावीस चुका तुम्ही दुरुस्त केल्यात, त्यातल्या एकवीस माझ्या होत्या.'

बाविसावा शब्द होता 'मिठाची साय'. आगरात पहाटे पाण्यावर पहिला पांढरा पापुद्रा धरतो, त्याला त्याच्या गावात असं म्हणतात. मी 'मिठाचा थर' केलं होतं. त्याने लिहिलं, 'ल्वानदादा, थर खाली बसतो. साय वर धरते. आमच्या म्हाताऱ्यांना फुंकर घालून कळतं, आज मीठ धरणार की नाही. थराला फुंकर कशी घालणार?'

मी उलट लिहिलं की राजधानीतल्या वाचकाला साय दुधाची माहीत. त्याने लिहिलं, 'मग त्याला ही पण माहीत होऊ द्या.' तेव्हापासून दर महिन्याला एक पत्र. वर्षाअखेरीस गाबोळीची, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या अंड्यांची, वडी. दादा म्हणणारं या बेटावर मला दुसरं कुणी नाही.

२९ मे

कॉलेजच्या सभागृहात चर्चा होती, फान साहेबांनी पाठवलं. दोन तास नुसता धुरळा. एक म्हणतो, पायाखालच्या मातीवर लिहिणार नाही तर कशावर लिहिणार, परदेशी कवितांच्या नकलांवर? दुसरा म्हणतो, या मातीच्या नावाखाली तुम्ही भिंती उभ्या करताय, आणि हे कामगार-कामगार चाललंय त्याचा वास समुद्रापलीकडच्या कम्युनिस्टांचा आहे. असे शब्द वापरायला नकोत. साहित्याची चर्चा साहित्याची राहावी.

मी उठून माझा मुद्दा मांडला: भाषा सगळ्यांना कळेल अशी हवी, गावागणिक शब्द बदलले तर वाचणार कोण?

चष्मा लावलेला एक तरुण प्राध्यापक म्हणाला, "तुम्ही शांतुंगचे ना? बोलण्यावरून कळतं."

हशा पिकला. मीही हसलो.

"एक विचारतो, राग मानू नका. तुमची आई घरी जसं बोलायची तसं कुणी लिहून आणलं, तर तुम्ही त्यात किती चुका काढाल?"

"माझ्या आईला लिहिता येत नव्हतं," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

मी खाली बसलो. बसमध्ये आठवलं. आई म्हणायची, "कोंबड्या मिटल्या की घरी ये." मी त्याचं 'सूर्यास्तानंतर' केलं असतं. नक्कीच केलं असतं.

लढाईत घर सोडलं तेव्हा मी तेवीसचा होतो. तिला सांगितलं होतं, शाळा दक्षिणेकडे हलतेय, दोन महिन्यांत येतो. समुद्रापलीकडे पत्रही जात नाही; ती आहे की नाही, हेही मला कळायचा मार्ग नाही.

१४ जून

लेखाचा कच्चा खर्डा फान साहेबांना दाखवला. "छान. पण दात नाहीत याला. नुसतं 'मला वाटतं', 'शंका येते'. उदाहरणं द्या. त्या हुंगची मुकादमावरची कथा घ्या, मजूर काम बंद पाडतात ती."

"त्यात भाषेचं काही नाही."

"सगळ्यात भाषेचंच असतं, ल्वान."

त्यांच्या खोलीत आणखी एक गृहस्थ बसले होते. राखाडी बुशशर्ट, नीट विंचरलेले केस. नाव कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या वादाचा अभ्यास करतायत असं कळलं. फार कमी बोलतात. मी हुंगबद्दल बोलत गेलो, गावाबद्दल, मिठाच्या सायीबद्दलसुद्धा, आणि हा माणूस पापणी न हलवता ऐकत होता. असा श्रोता मला कित्येक वर्षांत मिळाला नाही.

"पत्रं ठेवलीत तुम्ही त्यांची?"

"एकूण एक. एक्क्याण्णव आहेत."

"कमाल आहे. आजकाल कोण ठेवतं?" ते म्हणाले. "अशा गोष्टींतूनच उद्या साहित्याचा इतिहास लिहिला जाणार. थोडे दिवस वाचायला मिळतील का?"

२० जून

तीन संध्याकाळी पत्रं लावण्यात गेल्या. तारखेप्रमाणे लावली, अंक घातले. अभ्यासकाला सोपं जावं म्हणून तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या: बोलीतल्या शब्दांखाली एक रेघ, माणसांच्या नावांखाली दोन रेघा, म्हणजे कोण कुणाचं ते लगेच सापडावं. एका पत्रात तो लिहितो की दर रविवारी त्याच्या पडवीत चौघं जमतात, तो, दोन मास्तर आणि पोस्टातला एक कारकून, आणि दुकानात आता न मिळणारी जुनी पुस्तकं आळीपाळीने मोठ्याने वाचतात. तिथे समासात मी लिहिलं, 'वाचनाची आवड स्तुत्य.'

आज नेऊन दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. दोन्ही हातांनी!

१ ऑगस्ट

काल वादळ. वीज नाही, अंगणात घोटाभर पाणी. छिऊ बाईंचं शिवणयंत्र आम्ही दोघांनी मिळून माझ्या खाटेवर चढवलं. कापडाचे गठ्ठे, मी, त्या, सगळे त्याच खाटेवर. शेंगदाणे फोडत बसलो.

त्या म्हणाल्या, "आमचे हे असते तर एव्हाना छपरावर चढले असते. वादळात घरात बसायला नको त्यांना."

"पुन्हा लग्न का नाही केलंत?"

"कुणी सांगितलं का मला, की ते मेले?"

शेंगदाण्याची साल फुंकरीने उडवून दाणे माझ्या बाजूला सरकवत होत्या. मी त्यांना लेखाचा मुद्दा समजावून सांगितला. त्यांना फारसं कळलं नसावं.

१९ ऑगस्ट

लेख आला.

अंक उघडला आणि आधी दोन चुकीची अक्षरं दिसली. सवय. मग मथळा दिसला. मी दिला होता 'बोली आणि भाषा: काही शंका'. छापलाय 'कोणाची ही माती, आणि कोणासाठी?' आणि शेवटचा परिच्छेद. तो मी लिहिलेला नाही. त्यात लिहिलंय की हुंग यांच्या कथांतला मजूर ज्या सुरात बोलतो, तो सूर आपण समुद्रापलीकडून रोज ऐकतो. हा योगायोग आहे का, हे ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहावं.

फान साहेबांकडे गेलो. "हे माझं नाही."

"लेख अर्धवट वाटत होता, मी शेवट जोडला. संपादकाचं कामच आहे ते. तुम्ही सव्वीस वर्षं लोकांचे शब्द बदलताय, कुणी तक्रार केली?"

शेजारच्या विभागातल्या तिघांनी येऊन अभिनंदन केलं. खिळे जुळवणाऱ्यांपैकी कुणी वर पाहिलं नाही. काम जास्त असेल. परतताना मी पाच अंक विकत घेतले. घेतले खरे.

२३ ऑगस्ट

छिऊ बाईंनी लेख वाचला. बोट फिरवत, एकेक अक्षर लावत, दोन दिवस. आज विचारलं, "हा माणूस तुम्हाला गाबोळी पाठवतो तोच ना?"

"हो."

"आणि हे तुम्ही लिहिलंत?"

"शेवटचं माझं नाही. बाकी भाषेबद्दल आहे."

अंक घडी करून माझ्या हातात दिला आणि यंत्रावर जाऊन बसल्या. आज सूप नाही. उकाड्याने चुलीपाशी उभं राहवत नसेल.

३१ ऑगस्ट

हुंगचं पत्र! सगळंच उतरवतो:

'ल्वानदादा, लेख वाचला. भाषेबद्दल तुम्ही म्हणता त्यातलं निम्मं मला पटत नाही, त्यावर समोरासमोर भांडू. शेवटचा परिच्छेद तुमचा नाही. आठ वर्षं तुमचा हात ओळखतो मी. तुम्ही एका वाक्यात तीन स्वल्पविराम कधीच देणार नाही. हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. पी-युन म्हणते, त्यांना एकदा बोलवा, नुसती पत्रं काय लिहिता! थंडीत या. आगर तेव्हा कोरडं असतं, वारा फार, पण शिंपल्यांतल्या तिसऱ्या गोड मिळतात. शाळेत दोनदा अनोळखी माणसं चौकशीला येऊन गेली, मुख्याध्यापक घाबरलेत. होईल शांत. तब्येत सांभाळा, डोळे सांभाळा.'

चार वेळा वाचलं. त्याला कळलं, बास. त्याला कळलंय तर मग बाकी कुणाला काय वाटेल ते वाटो.

लगेच उत्तर टाकलं: येतो.

२७ सप्टेंबर

आज शरदातली पौर्णिमा. कार्यालयातून प्रत्येकाला बेकरीचे चार मूनकेक, या सणाचे गोड केक, मिळाले. दरवर्षी दोन छिऊ बाईंना देतो, त्या पपनस सोलून अर्धा मला देतात आणि अंगणात बसतो. यंदा त्यांचं दार बंद. बहिणीकडे गेल्या म्हणे. सांगून नाही गेल्या.

हुंगचं उत्तर नाही. सप्टेंबरची कथाही आली नाही. आठ वर्षांत असं झालं नव्हतं.

केक एकट्याने खाल्ला. चारही खाल्ले.

१८ ऑक्टोबर

मला बढती. सहायक संपादक. टेबल आता खिडकीशी आहे. सगळ्यांशी पाठ करून बसावं लागतं, एवढंच.

हुंगला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. लेखामुळे रागावला म्हणावं, तर तसं नाही, त्याचं ते पत्र आहे ना. फान साहेबांना विचारलं. म्हणाले, "सोडा हो आता तो विषय. वादाचं काय, आज आहे, उद्या नाही."

"मग माझी पत्रं तरी परत मिळतील का? अभ्यासाला दिलेली."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अजून काम चालू असेल त्यांचं."

पातळ कागद आहे. फार हाताळला तर घडीवर फाटतो. हे त्या गृहस्थांना सांगायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

काल दक्षिणेला जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

आगगाडी, मग बस, मग मिठागरांमधल्या बांधावरून पायी. वारा खरंच फार. आगरं करडी, चौकोनी, त्यात माणूस नाही. घर सापडलं. पडवीत एक बाई कालवं फोडत होती. मी नाव सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"तांबड्या पेन्सिलवाले दादा," ती म्हणाली. "बसा. जेवला नसाल."

"हुंग घरी आहे का?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"त्याची पत्रं नाहीत, म्हणून आलो."

"दहा सप्टेंबरला नेलं त्यांना. पहाटे. चप्पलसुद्धा घालू दिली नाही." अगदी सरळ सांगितलं तिने, आजवर पुष्कळदा सांगून झाल्यासारखं. "दोन मास्तर आणि पोस्टातला आ-खुन, त्यांनाही. रविवारी वाचायला जमायचे ना, ते सगळे. मी विचार करायचे, नावं कुणी सांगितली असतील? गावातलं कोण? कुणाच्या डोळ्यात बघायची सोय राहिली नव्हती मला. मग मला चौकशीला बोलावलं. तिथे टेबलावर यांची पत्रं होती. तुम्हाला लिहिलेली. नावांखाली तांबड्या दोन-दोन रेघा."

मी पायरीवर बसलो.

"तुमच्या कार्यालयातून उचलली असतील ना?" ती म्हणाली. "खण फोडून?"

हो म्हणता आलं असतं. ती ते शब्द तयार करून माझ्यापुढे ठेवत होती. मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हणालो, "मी दिली. माझ्या हाताने. रेघाही मीच मारल्या. त्यांना सोपं जावं म्हणून."

ती उठली. आत गेली. मग आलं घातलेलं तिसऱ्यांचं सूप आणि भात घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवलं आणि पुन्हा कालवं फोडायला बसली.

"खा," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलं होतं तुम्हाला."

मी ते खाल्लं. निघताना ती उठली नाही.

२२ नोव्हेंबर

'घेऊन गेले.' बाई बरोबर बोलल्या होत्या. एकोणीस वर्षं एका घरात राहून मी त्यांचं व्याकरण सुधारलं.

आज त्यांच्या दाराशी गेलो. सगळं सांगितलं, पत्रांचंसुद्धा. त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं नाव कुणी दिलं, ते मला कधी कळलं नाही. मला नेहमी वाटायचं, कळलं असतं तर बरं झालं असतं." दोरा ओवून झाला. "तुमच्याकडे बघून वाटतं, कळलं नाही तेच बरं."

दार लोटून घेतलं.

६ डिसेंबर

त्या राखाडी बुशशर्टवाल्यांना शोधायला पंधरा दिवस लागले. फान साहेब पत्ता देईनात. शेवटी म्हणाले, "ल्वान, तुम्ही एकटे आहात, या वयात नसती हौस करू नका. तुमच्यावरही एक फाइल असेल, सगळ्यांवर असते."

तरी गेलो. पाटी नसलेली इमारत. मी सांगितलं, त्या खुणा माझ्या आहेत, त्यांचा अर्थ फक्त भाषेपुरता आहे, ही माणसं नुसती पुस्तकं वाचत होती. गृहस्थ तेवढेच शांत, तेवढेच नम्र. "लेखी द्या," म्हणाले. कागद दिला.

मी अकरा पानं लिहिली. प्रत्येक रेघ समजावून सांगितली. सहाव्या पानावर लक्षात आलं की हुंगला वाचवायला मी जे जे लिहितोय, त्यात पुन्हा त्या चौघांचीच नावं येतायत. पेन थांबलं. "ही पानं फाडता येतील?" विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पानांवर क्रमांक आहेत."

मी त्यापुढच्या पाच पानांत माझंच लिहिलं. पुस्तकं मागच्या काळात मीच वाचायला सुचवली, लेखकाला मीच उत्तेजन दिलं, असं. खोटंच आहे. ते त्यांनाही कळलं असावं. वाचून मंद हसले आणि सही घेतली.

२० डिसेंबर

कामावरून काढलं. कारण दिलं डोळ्यांचं.

फान साहेबांनी दारापर्यंत सोडलं. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "मला वाटलं होतं, नुसतं लिहायला लावतील. एवढंच," असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं होतं, ते तरी कुठे वेगळं होतं?

२२ जानेवारी १९७८

वाद मिटला. मोठं संमेलन झालं, वरच्यांनी भाषण केलं: मातीवर प्रेम करणं चांगलंच आहे, माती सगळ्या देशाची एकच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी एकमेकांचे गळे धरले होते ते शेजारी-शेजारी बसून जेवले म्हणे.

आजची पुरवणी बघितली. तीन गावाकडच्या कथा आहेत. एकीत मासेमारांची बोली जशीच्या तशी छापलीय, एकही शब्द बदललेला नाही. वर संपादकाची टीप: 'आपल्या मातीचा अस्सल स्वर.' कथा चांगली आहे. खरंच चांगली आहे, एखाद्या नवीन पोराने लिहिलेली. हुंगने आठ वर्षं शब्दाशब्दासाठी भांडून दार किलकिलं केलं, त्यातून हा पोरगा सरळ आत आला. हुंगचं नाव त्या पानावर कुठेच नाही, यापुढे कुठल्याच पानावर येणार नाही.

कुणाला दाखवावं म्हणून अंक घेऊन उठलो. दाखवायला कुणी नाही.

४ फेब्रुवारी

छापखान्यात लग्नपत्रिका तपासायचं काम मिळालंय. घरी फक्त झोपायला. तीन दिवसांत कुणाशी शब्द बोललो नाही. आज बसवाहकाला 'उतरायचंय' म्हणालो, तर आवाज फुटेना.

१२ मार्च

पी-युनचं पत्र आलं. मी तिला नोव्हेंबरपासून चार पत्रं लिहिली होती, उत्तराची अपेक्षा नव्हती.

'ल्वानदादा, शिक्षा झाली. यांना दहा वर्षं, मास्तरांना सात-सात, आ-खुनला पाच. काल पहिली भेट मिळाली, दहा मिनिटं, काचेतून. वाळले आहेत. त्यांनी आधी मुलीचं विचारलं आणि मग तुमचं. म्हणाले, माझी पत्रं त्यांच्या खणातून नेली असणार, माझ्यामुळे दादांना केवढा त्रास झाला असेल, नोकरी तरी राहिली का? एकटा माणूस आहे, तू त्यांना लिहीत जा.

मी खरं काय ते सांगितलं नाही. तुमच्यासाठी नाही. आत त्यांच्याजवळ धरून राहायला फार थोडं आहे, त्यातलं एक तुम्ही आहात. ते मी काढून घेणार नाही. पण आयुष्यभर लपवणारही नाही. ते सुटून आले की तुम्ही इथे यायचं आणि त्यांच्यासमोर बसून तुमच्या तोंडाने सांगायचं. मला सांगितलंत तसं. ते काम माझं नाही, तुमचं आहे. म्हणून तोवर जेवत जा आणि तब्येतीला जपा.'

संध्याकाळपर्यंत पत्र हातात धरून बसलो होतो. मी बावन्न वर्षांचा आहे. तो येईल तेव्हा बासष्टचा असेन. आमच्या घराण्यातले पुरुष साठी गाठत नाहीत.

भूक नव्हती. उठून तांदूळ धुतले आणि भात टाकला.